वाटेकडे तोंड

वाट विचारायची तर मोजणीकाकांना, हे त्या वस्तीत ठरूनच गेलं होतं. जमीन मोजणीच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. साखळी, झेंडे आणि तिपाईवरचा फळा घेऊन त्यांनी आसपासच्या टेकड्या, ओढे, बांध सगळं पायाखाली घातलं होतं. निवृत्त झाल्यावरही लोक दारात उभे राहून विचारायचे, "काका, नव्या इस्पितळाकडे जवळची वाट कुठली?" आणि काका दाढी करता करता, आरशातली नजरही न हलवता, कुठल्या गल्लीत वळायचं, कुठे पाणी साचतं आणि कुठलं कुत्रं अंगावर येतं इथपर्यंत सगळं सांगून मोकळे व्हायचे.

थंडीच्या सुरुवातीला त्यांना मेंदूचा एक छोटासा झटका आला. डॉक्टर म्हणाले, नशीब बलवत्तर म्हणायचं तुमचं. बोलणं शाबूत, हातपाय शाबूत, सहीसुद्धा पूर्वीसारखीच वळणदार. भेटायला येणारे काकांकडे निरखून बघायचे आणि "काही झालंय असं वाटतच नाही हो," म्हणून चहा पिऊन जायचे.

पण झालं होतं. घरी आल्यावर काका केस कापायला गेले आणि न्हाव्याच्या दुकानातून बाहेर पडून पायरीवर उभेच राहिले. समोरचं औषधांचं दुकान ओळखीचं होतं. शेजारची शिंप्याची पाटी ओळखीची होती. एकेक गोष्ट ओळखीची, पण एकीचं दुसरीशी नातंच लागेना. माळेतला दोरा कुणीतरी ओढून घ्यावा आणि मणी तेवढे ओंजळीत राहावेत, तसं. घर डाव्या अंगाला की उजव्या, काही केल्या डोक्यात येईना. शेवटी शेजारच्या घरातली सून दुधाच्या पिशव्या घेऊन जाताना दिसली, तिच्या मागे मागे, सहज फेरफटका मारल्यासारखं दाखवत, ते घरी पोचले.

ही गोष्ट त्यांनी पोटात ठेवली. बायकोलासुद्धा सांगितली नाही. सांगायची वेळही आली नाही, कारण काका चपला घालायला लागले की नेमकं तेव्हाच बायकोलाही बाहेर काहीतरी काम निघायचं. "थांबा, मलाही भाजी घ्यायचीय," म्हणून ती पिशवी उचलायची. काका तिच्या अर्धं पाऊल मागून चालायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, सुटलो.

अशात एक दिवस डॉक्टरीणबाई घरी आल्या. या जनावरांच्या डॉक्टर. दिवसभर गाईम्हशींच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायचा आणि सुटीच्या दिवशी ओढ्याकाठची पायवाट साफ करायची, असा त्यांचा क्रम. बस थांब्याच्या मागून निघून ओढ्याच्या कडेने, झाडीतून, टेकडीच्या पलीकडच्या तळ्यापर्यंत जाणारी ती जुनी वाट काट्याकुट्यांनी बुजून गेली होती. डॉक्टरीणबाईंनी माणसं जमवून ती मोकळी केली. आता लोक तिथे फिरायला यायला लागले, आणि चुकायलाही लागले. झाडी संपते तिथे वाटेला तीन फाटे फुटतात. एक तळ्याकडे, एक कुणाच्या तरी खळ्यात, आणि एक जुन्या दगडखाणीकडे. म्हणून सगळ्यांनी ठरवलं होतं की वाटेच्या तोंडाशी माहितीचा एक किऑस्क उभारायचा. चार खांब, वर छप्पर, मध्ये मोठा फलक, फलकावर नकाशा. 'किऑस्क' हा शब्द सुताराच्या तोंडात बसेना. तो म्हणाला, आपण टपरी म्हणू. तेव्हापासून सगळेच 'माहितीची टपरी' म्हणायला लागले आणि बसची वाट बघणारी माणसं येऊन विचारायला लागली, चहा कधीपासून मिळणार?

डॉक्टरीणबाईंबरोबर हा सुतारही आला होता, आणि शाळेतल्या चित्रकलेच्या बाईही.

"काका, नकाशा तुम्ही काढायचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाई रंगवतील. पण आखणार तुम्ही."

"तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे?" सुतार म्हणाला.

तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होते. नाही म्हणायची हीच वेळ होती. पण काकांच्या जिभेने त्यांना विचारलंच नाही. "त्यात काय," ते म्हणाले, "डोळे मिटून काढीन."

स्वयंपाकघराच्या दारात बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती तशीच थांबली. मग पुढे आली आणि कप ठेवायला लागली.

पुढचे काही दिवस काकांना बरे गेले. त्यांनी स्वतःच कधीकाळी केलेल्या मोजणीची नक्कल कपाटावरून काढली, टेबलावर पसरली आणि कामाला बसले. कागद त्यांना पूर्वीसारखाच वाचता येत होता. ओढ्याची वळणं, टेकडीचा चढ, तळ्याचा काठ, सगळं नीट कळत होतं. पेन्सिल सुरेख चालत होती. काकांना वाटलं, आपण उगाच घाबरलो, आलं सगळं ताळ्यावर. आता एकदा प्रत्यक्ष जाऊन ताडून बघावं, म्हणजे झालं.

त्या दुपारी बायको बहिणीकडे गेली होती. काका एकटेच निघाले. बस थांब्यापर्यंत ते बसला निघालेल्या लोकांच्या मागून गेले आणि पुढे अडचण नव्हती, पायवाट एकच होती. वाटेच्या तोंडाशी सुतार आणि डॉक्टरीणबाई खांबांच्या खड्ड्यांत काँक्रीट ओतत होते. काकांनी ऐटीत हात केला. "ताडून येतो जरा."

झाडी संपली, तीन फाटे आले, आणि काका थांबले.

त्यांनी कागद उघडला. कागदावर तीन रेघा होत्या. समोर तीन वाटा होत्या. कुठली रेघ म्हणजे कुठली वाट, हे मात्र कागदही सांगेना आणि जमीनही. त्यांनी कागद फिरवून बघितला. स्वतः फिरून बघितलं. आणि स्वतः फिरल्यावर आपण आलो ती वाट कुठली तेही कळेनासं झालं. आता तिनाच्या चार वाटा झाल्या होत्या. काका एका दगडावर बसले, आणि कुणी बघितलंच तर दम खायला बसलोय असं वाटावं म्हणून रुमालाने कपाळ पुसत राहिले.

तेवढ्यात एक बाई आल्या. कडेवर लहान मुलगी, शेजारी तिच्याहून थोडी मोठी दुसरी. "काका, तळ्याकडे कुठून जायचं हो?"

आयुष्यात हजारदा ऐकलेला प्रश्न. काकांचा हात आपोआप वर गेला. "हे काय, असं सरळ जा," ते म्हणाले. आवाजात पूर्वीचाच भरवसा होता. बाई "बरं झालं तुम्ही भेटलात," म्हणाल्या आणि त्या बोटाच्या दिशेने निघून गेल्या.

त्या दिसेनाशा झाल्या तेव्हा काकांना आपण काय केलं ते कळलं. ती वाट तळ्याची असेल. खळ्याची असेल. आणि खाणीची असली तर? खाणीच्या काठाला कुंपण आहे की नाही, तेही त्यांना आठवेना. ते उठून "अहो ताई!" म्हणून ओरडले. उत्तर आलं नाही. मागे धावावं तर त्या नक्की कुठल्या वाटेने गेल्या, याचीही आता खात्री राहिली नव्हती.

खिशात फोन होता. स्वतःसाठी काकांनी तो काढला नसता, अंधार पडेपर्यंत दगडावर बसून राहिले असते. पण कडेवरचं ते पोर डोळ्यांसमोरून हलेना. त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"डॉक्टर, मी फाट्यावर आहे. एका बाईंना वाट विचारली... नाही, त्यांनी विचारली. मी सांगितली. बहुतेक चुकीची सांगितली. बरोबर दोन लहान मुली आहेत."

"चुकीची म्हणजे? काका, तुम्ही?"

"मला वाट कळत नाही," काका म्हणाले. एवढं बोलल्यावर बाकीचंही बाहेर आलं. "झटका आल्यापासून कळत नाही. मी कागदावर बघतो ते मला जमिनीवर दिसत नाही. तुम्ही आधी खाणीकडे माणूस धाडा. मी इथेच बसतो, मी हललो तर मलाही शोधावं लागेल."

दोघंही काँक्रीटने माखलेल्या हातांनी धावत आले. डॉक्टरीणबाई एका वाटेने गेल्या, सुतार दुसरीने. बाई आणि मुली खाणीजवळच सापडल्या. काठाला तारेचं कुंपण होतं, आणि मोठी मुलगी त्यातून खाली खडे टाकून पाण्याचा आवाज ऐकत बसली होती. कुणाला काही झालं नव्हतं. पण त्या बाई परत आल्या त्या तापूनच.

"माहीत नव्हतं तर नाही म्हणायचं होतं!" त्या काकांना म्हणाल्या. "इतक्या ठामपणे सांगितलंत की मी दोनदा विचारलंसुद्धा नाही. पोरी आहेत माझ्याबरोबर!"

काकांनी मान खाली घातली. "चुकलं माझं," ते म्हणाले.

सुतार त्यांना घरापर्यंत सोडायला आला. दारात म्हणाला, "सांगायचं ना काका. आम्ही काय परके होतो?"

संध्याकाळी बायको आली तेव्हा काका अंधाऱ्या खोलीत बसून होते. दिवा लावून ती शेजारी बसली. काकांनी सगळं सांगितलं. न्हाव्याच्या दुकानापासून सुरुवात केली आणि खाणीपर्यंत आले. तिने मध्ये एकदाही "काय सांगता!" म्हटलं नाही, त्याचंच काकांना नवल वाटलं.

"तुला माहीत होतं?"

"अहो, घरात आपण दोघं," ती म्हणाली. "दोन माणसांना रोज एवढी भाजी लागते का? गेल्या आठवड्यात निम्मे दुधी भोपळे मी शेजारी वाटलेत."

काकांना हसावं की रडावं कळेना. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगायची वाट बघत होते. आणि खरं सांगू? मला भीती वाटत होती. मी बोलले तर ते खरं होईल, असं वाटायचं." तिने पदराने चष्मा पुसला. "आता झालं ना बोलून. उद्यापासून भाजी बेताची आणू."

त्यानंतर काका घराबाहेर पडेनात. मोजणीची नक्कल त्यांनी गुंडाळून पुन्हा कपाटावर टाकली. नकाशा चित्रकलेच्या बाईंनी आपल्या परीने पुरा केला असं कानावर आलं. काकांनी "बरं झालं," म्हटलं आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

एका सकाळी डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. हातात मोठी गुंडाळी होती. "काका, नकाशाचा कच्चा खर्डा आहे. तपासून हवाय."

"डॉक्टर, थट्टा करता का माझी? मला नकाशा जमिनीवर लावता येत नाही, एवढं त्या दिवशी बघितलंत ना?"

"म्हणून तर आले." त्या खुर्ची ओढून बसल्या. "आम्ही चौघापाचांनी हा कागद घेऊन वाट चालून बघितली. सगळे बरोबर पोचले. पोचणारच, आम्हाला वाट पाठच आहे. फलक ज्याच्यासाठी आहे, त्याला वाट माहीत नसते. तसा माणूस आमच्यात एकच आहे."

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "म्हणजे मी तुमचा प्रयोगाचा उंदीर."

"उंदीर मी रोज बघते," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "ते एवढी कुरकुर करत नाहीत."

आत भांडी आवरणारी बायको फसकन हसली. ते ऐकून काकांनाही हसू आलं. हसता हसता त्यांच्या लक्षात आलं, की झटक्यानंतर आज पहिल्यांदाच कुणी त्यांच्याशी सांभाळून न बोलता सरळ बोललं होतं.

त्याच दिवशी ते निघाले. पुढे काका, हातात खर्डा. मागे काही अंतरावर डॉक्टरीणबाई, चित्रकलेच्या बाई आणि बायको. नियम एकच होता, मागच्यांनी बोलायचं नाही. काका अडले की तिथे का अडले ते स्वतःच मोठ्याने सांगायचे आणि चित्रकलेच्या बाई ते टिपून घ्यायच्या. बायकोला न बोलण्याचा नियम फार जड गेला. फाट्याशी काका खाणीकडे वळले तेव्हा तिने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला.

"थांबलो," काका म्हणाले. "काहीतरी बिनसलंय. कागद म्हणतो ओढा डाव्या हाताला. पण आवाज कुठे येतोय? मला तर येत नाही." ते मागे फिरले. "कागदावर तीन सुंदर रेघा काढल्यात बाई तुम्ही. पण माणूस रेघा बघत चालत नाही. इथे उभं राहिल्यावर समोर काय दिसतं? डावीकडे दुभंगलेला दगड, मध्ये वाकडं झाड, उजवीकडे पडकी भिंत. तेच काढा. जसं दिसतं तसं."

चित्रकलेच्या बाईंनी तिथेच खाली बसून चित्र काढायला घेतलं. परत येताना काका त्याच फाट्याशी पुन्हा गोंधळले. तेच झाड या बाजूने बघताना वाकडं वाटतच नव्हतं. "येतानाचं चित्र वेगळं हवं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आता लाज नव्हती, उत्साह होता. "जाताना एक, येताना एक. जागा एकच असली तरी दोन्हीकडून ती एक नसते."

अशा फेऱ्या होत राहिल्या. कधी काका बरोबर पोचत, कधी खळ्यात जाऊन निघत. खळ्याचा मालक त्यांना ओळखायला लागला होता, "आज पण का?" म्हणून पाणी द्यायचा. अंतरं मात्र काकांनी स्वतः आखून दिली. त्यात चूक काढायची कुणाची प्राज्ञा नव्हती. जे हरवलं होतं ते आणि जे उरलं होतं ते, दोन्ही एकाच फलकावर उतरत होतं.

मग छप्पर चढलं आणि नवंच भांडण उभं राहिलं.

सुताराने टपरी झकास केली होती. चारही बाजू सारख्या, लाकूड जुन्या पुलाचं, रंधा मारून तेल पाजलेलं. पत्र्याचं छप्पर एका बाजूला उतरतं, आणि त्याच बाजूच्या दोन खांबांना फलक बसवायच्या खाचा. ती बाजू बस थांब्याकडे होती, म्हणजे उतरलेल्या माणसाला फलक लगेच दिसावा. काका खाचांमध्ये टेकवून ठेवलेल्या फलकासमोर उभे राहिले. मग त्यांनी पायवाटेकडे बघितलं. ती त्यांच्या डाव्या खांद्याच्या बाजूला होती.

"हे चालणार नाही," ते म्हणाले.

"काय चालणार नाही?" सुताराने पटाशी खाली ठेवली.

"फलकावर वाट वर जाते. मी वर बघतो, म्हणजे समोर बघतो. समोर तर टपरीमागच्या आवाराची भिंत आहे. वाट इकडे बाजूला. वाचणाऱ्याचं तोंड वाटेकडे असायला हवं."

"काका, खाचा पाडून झाल्यात. छपराचा उतार त्या अंगाला काढलाय. माणसाला मान वळवता येते की नाही?"

"मला येत नाही," काका म्हणाले.

"सगळं जग काही तुमच्यासारखं नाही!"

बोलून गेल्यावर सुतार स्वतःच वरमला. पण माघार घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने हत्यारं पेटीत भरली आणि तडक निघून गेला. काका खांबाला टेकून उभे राहिले. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काकांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं, "माझंच चुकलं. त्याने जीव ओतलाय त्यात. राहू दे तसंच."

बायको म्हणाली, "तुम्हाला ते बरोबर वाटतंय का?"

"नाही."

"मग राहू दे म्हणू नका. थोडं थांबा फक्त."

दोन दिवसांनी सकाळीच सुतार दारात हजर. बरोबर त्याची मोठी बहीण. धडधाकट बाई, एका दुकानाची सगळी व्यवस्था एकटी बघणारी.

"हिला काल फलकासमोर उभं केलं," सुतार कुणाकडे न बघता म्हणाला. "म्हटलं, ताई, तळं कुठे ते दाखव. हिने बोट कुठे करावं? टपरीमागच्या भिंतीकडे! म्हणजे तळं भिंतीत!"

"मग तसंच दिसतं तिथून," बहीण म्हणाली. "मी काय करू?"

सुताराने मानेवरून हात फिरवला. "काका, त्या दिवशी मी नको ते बोललो."

"अरे, खरंच बोललास. सगळं जग माझ्यासारखं नाही. पण थोडं थोडं आहे," काका म्हणाले. "या, चहा घ्या."

सुटीच्या दिवशी सगळे जमले. छप्पर खांबांवरून सोडवायचं, तसंच उचलून धरायचं, पाव फेरी फिरवायचं आणि पुन्हा ठेवायचं, असा बेत होता. चारही बाजू सारख्या असल्याने ते जमण्यासारखं होतं. प्रत्येक खांबाशी दोघं-तिघं स्टुलांवर, बाकड्यांवर चढले. खळ्याचा मालकही मदतीला आला. काकांना वजन उचलू द्यायचं नाही, हे बायकोने आधीच बजावलं होतं, म्हणून ते मध्ये उभे राहून सूचना द्यायला लागले.

"उचला! आता डावीकडे! डावीकडे!"

निम्मे डावीकडे सरकले, निम्मे उजवीकडे, कारण काकांचा हात एकीकडे आणि शब्द दुसरीकडे चालले होते. छप्पर वाकडं झालं, पत्रा कण्हला, चित्रकलेच्या बाई "अगंबाई!" म्हणून स्टुलावरून उतरल्या.

"काका!" वजनाखालून सुताराचा आवाज आला. "तुम्ही फक्त 'थांबा' म्हणत जा! दिशा आमच्याकडे सोपवा!"

सगळे इतके हसले की छप्पर हातातून सुटतं की काय असं झालं. मग सुताराने दिशा सांगितली, काकांनी "थांबा" सांगितलं, आणि दोघांच्या मेळाने ते छप्पर हळूहळू फिरून चारही खांबांवर बसलं. सुताराने ओळंबा सोडून बघितला आणि पहिल्यांदाच मोकळं हसला. दुपारपर्यंत नव्या खाचा पाडून झाल्या. जुन्या खाचांत त्याने लाकडाच्या पट्ट्या इतक्या बेमालूम बसवल्या की बोट फिरवल्याशिवाय कळू नये.

फलक चढला. उभं राहिलं की तोंड आपोआप वाटेकडे व्हायचं. 'इथून पुढे गेल्यावर काय दिसेल' म्हणून एकाखाली एक चित्रं होती. 'डाव्या हाताला ओढ्याचा आवाज.' 'आवाज बंद झाला तर मागे फिरा.' तशीच लहान पाटी फाट्यावर लागली आणि एक तळ्याकाठी, परतीच्या चित्रांची. थोड्याच दिवसांत लोकांची ये-जा वाढली. काठी टेकत येणारे आजोबा, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, नुकतेच तिथे राहायला आलेले लोक. चहा विचारणारेही होतेच. शेवटी सुताराने एका खांबावर बारीक अक्षरात कोरून टाकलं, 'चहा नाही.'

मग एका सकाळी काकांनी चपला घातल्या. बायकोने सवयीने पिशवीकडे हात नेला आणि तो तसाच खाली घेतला.

"फोन घेतलात?"

"घेतला."

"बरं. मी भात लावते."

काका सावकाश चालत गेले. बस थांब्यापर्यंतच्या रस्त्याची चित्रंही चित्रकलेच्या बाईंनी त्यांना एका कार्डावर काढून दिली होती, ते त्यांनी दोनदा बघितलं. टपरीसमोर उभे राहिले, वाचलं, निघाले. ओढा सोबतीला होता. फाट्यावर बराच वेळ गेला. एकदा त्यांचं पाऊल पडक्या भिंतीकडे वळलंसुद्धा. काही पावलं गेल्यावर त्यांनी कान दिला. आवाज नव्हता. ते मागे आले, पाटी पुन्हा पहिल्यापासून वाचली, वाकड्या झाडावर चक्क हात ठेवून खात्री करून घेतली आणि त्याच्या बाजूने पुढे गेले. चढ लागला. धाप लागली. आणि चढ संपला तिथे एकदम खाली पाणी चमकलं.

त्यांनी फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"पोचलो," काका म्हणाले.

पलीकडे गॅसचं बटण बंद केल्याचा आवाज आला. मग बायको म्हणाली, "कसं आहे तळं?"

काका काठावर बसले, पाय पसरले आणि नीट बघायला लागले. "पाणी चांगलंच चढलंय. पलीकडे कुणीतरी कपडे धुतंय. एक काळा पक्षी आहे, लांब मानेचा, पंख पसरून खुंटावर बसलाय. याचं नाव काय गं?"

"मला काय माहीत? त्या फेऱ्यांत माझं सगळं लक्ष तुमच्या पावलांकडे, तळं कुठे बघितलं मी? तुम्हीच घेऊन चला एकदा."

"उद्या येतेस?"

"येते की."

"मग पुढे मी चालणार," काका म्हणाले. "आणि तू बोलायचं नाहीस."